पावणेनऊ इंचाचे दोन टॅब: कोणता घ्यावा आणि दुकानात कसा तपासावा

दुकानात दोन छोटे टॅब शेजारी ठेवले की खोक्यावरचे आकडे सारखेच दिसतात. ८.७ इंच स्क्रीन, १३४० बाय ८०० पिक्सेल, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, मागे ८ मेगापिक्सेल कॅमेरा. फरक उरतो दोन-तीन हजारांचा. मग साताऱ्याचा पोवई नाका असो की सांगलीचं विश्रामबाग, काउंटरवरच्या माणसाला ज्यात सुटतं तोच टॅब तो पुढे सरकवतो, आणि गिऱ्हाईक स्वस्त तो उचलून घरी येतं. सहा महिन्यांनी लक्षात येतं की ज्या कामासाठी घेतला ते काम तो नीट करत नाही.

या लेखात नमुना म्हणून दोन टॅब घेतले आहेत: सॅमसंगचा गॅलॅक्सी टॅब ए९ (ऑक्टोबर २०२३) आणि रेडमी पॅड एसई ४जी (जुलै २०२४). स्क्रीनचा आकार आणि पिक्सेल दोघांचे तंतोतंत एक आहेत, त्यामुळे आतला फरक कुठे शोधायचा हे यांच्यावरून चांगलं समजतं. तुमच्यासमोर दुसरी जोडी असली तरी रीत हीच.

आधी नावांचा गुंता सोडवू. टॅब ए९ वेगळा आणि ए९ प्लस वेगळा. प्लसची स्क्रीन ११ इंचाची आहे. रेडमी पॅड एसई ११ इंची, आणि पॅड एसई ४जी ८.७ इंची. ऑनलाइन मागवताना इथे हमखास घोळ होतो. म्हणून नावावर न जाता मॉडेल क्रमांक पाहा. टॅब ए९ मध्ये एसएम-एक्स११० हा फक्त वाय-फायवाला आणि एसएम-एक्स११५ हा सिमवाला. बिलावरही हाच क्रमांक लिहून घ्या.

पान किती मोठं दिसणार, हे आधी मोजा

छोटा टॅब घेणाऱ्यांतले निम्मेअधिक लोक तो वाचायला घेतात. अभ्यासिकेत बसून एमपीएससीच्या नोट्स, मुलांसाठी बालभारतीची पीडीएफ पुस्तकं, नाहीतर शासन निर्णय आणि परिपत्रकं. पण स्क्रीन खरोखर किती रुंद आहे, हे कुणी मोजत नाही.

८.७ इंच हे कर्णाचं माप. या टॅबची स्क्रीन उभी धरली तर रुंदी भरते साधारण ११३ मिलिमीटर आणि उंची १९० मिलिमीटर. ए४ कागद २१० मिलिमीटर रुंद असतो. म्हणजे ए४ पान उभ्या स्क्रीनवर पूर्ण बसवलं की ते ५४ टक्क्यांवर येतं आणि १२ पॉइंटचं अक्षर साडेसहा पॉइंटचं होतं. औषधाच्या पट्टीमागचा मजकूर जेवढा बारीक असतो, जवळपास तेवढं.

मराठीत अडचण आणखी वाढते. ८०० पिक्सेलमध्ये पूर्ण ए४ रुंदी बसवली की १२ पॉइंटच्या अक्षराच्या वाट्याला उंचीत १६ च्या आसपास पिक्सेल येतात. इंग्रजी अक्षर तेवढ्यात भागवून नेतं. देवनागरीला मात्र त्याच उंचीत वरची मात्रा, रफार, अनुस्वार, खालचा उकार आणि मधलं जोडाक्षर एवढं सगळं कोंबावं लागतं. अनुस्वाराचा ठिपका एक-दोन पिक्सेलचा उरतो. मग ‘द्ध’ आणि ‘द्व’ सारखेच दिसू लागतात, आणि पान स्कॅन केलेलं असेल तर विचारायलाच नको. दुकानात इंग्रजी पान उघडून स्क्रीन पसंत करणारा माणूस इथेच फसतो.

यावर दोन तोडगे आहेत, दोन्ही फुकट. पहिला, टॅब आडवा धरा. आडव्या स्क्रीनची रुंदी १९० मिलिमीटर, म्हणजे ए४ पान ९० टक्क्यांवर दिसतं आणि तेच अक्षर जवळपास ११ पॉइंटचं होतं. पान खाली सरकवत वाचावं लागतं, पण डोळे शिणत नाहीत. दुसरा, पानाचा मोकळा समास कापून दाखवणारं पीडीएफ ॲप वापरा. ए४ पानाला दोन्ही बाजूंना २५ मिलिमीटर समास असला तर मजकूर फक्त १६० मिलिमीटरचा असतो. समास कापल्यावर उभ्या स्क्रीनवरही अक्षर साडेआठ पॉइंटच्या आसपास येतं आणि वाचनीय होतं.

मराठी कादंबऱ्या आणि चरित्रं बहुतेक डेमी आकारात निघतात, पान सुमारे १४० मिलिमीटर रुंद. ते उभ्या स्क्रीनवर ८१ टक्क्यांवर बसतं, मूळ अक्षर १२ पॉइंटचं असेल तर पावणेदहाचं दिसतं. यासाठी हा आकार अगदी योग्य. हातातही पुस्तकासारखाच वाटतो.

तेव्हा काम ठरवताना स्वतःला एवढाच प्रश्न विचारा: मी वाचणार ती पानं ए४ ची आहेत की पुस्तकाच्या आकाराची? दिवसातले चार-पाच तास ए४ नोट्सच वाचायच्या असतील, तर आमचं स्पष्ट मत आहे की या दोन्हींपैकी एकही घेऊ नका. १९२० बाय १२०० पिक्सेलचा ११ इंची टॅब घ्या. त्यावर ए४ पान ७० टक्क्यांवर दिसतं आणि त्याच अक्षराला १६ ऐवजी २४ पिक्सेल मिळतात. वजन ४८० ग्रॅमच्या आसपास जातं, पण टेबलावर स्टँडला लावून वाचताना त्याचा त्रास नाही. आकार छोटाच हवा आणि अक्षरही धारदार हवं, तर ॲपलचा आयपॅड मिनी आहे: ८.३ इंचात इंचाला ३२६ पिक्सेल. आपल्या दोन्ही टॅबमध्ये इंचाला १७९ भरतात. पण आयपॅड मिनीची किंमत पन्नास हजारांच्या घरात आहे. तो वेगळ्याच हिशेबाचा विषय.

पेनाबद्दलही इथेच सांगतो. या दोन टॅबवर चालतो तो रबरी टोकाचा साधा पेन, म्हणजे बोटाचीच लांबण. हात टेकवून लिहायला गेलं की तळव्याचेही ठसे उमटतात. राज्यसेवा मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे म्हणून टॅबवर उत्तरं लिहायचा सराव करायचा विचार असेल, तर तो या टॅबवर होणार नाही. वही आणि पेनच बरं.

चिप: आकडा सारखा, पिढी वेगळी

दोन्हींवर ‘ऑक्टाकोअर’ (चिपमध्ये काम करणारे आठ भाग, म्हणजे कोअर) लिहिलेलं असतं. त्यावरून काहीच कळत नाही. टॅब ए९ मध्ये मीडियाटेकची हेलिओ जी९९ आहे: ६ नॅनोमीटरची, दोन मोठे कोअर कॉर्टेक्स ए७६ आणि सहा छोटे ए५५. रेडमीत हेलिओ जी८५: १२ नॅनोमीटरची, दोन मोठे कोअर ए७५ आणि सहा छोटे ए५५. नॅनोमीटरचा आकडा जितका लहान, तितकी तेवढ्याच कामाला वीज कमी आणि ऊबही कमी.

रोजच्या वापरात हा फरक कुठे जाणवतो? व्हिडिओ पाहताना जवळपास जाणवत नाही. जाणवतो तो तीनशे पानांचं स्कॅन केलेलं पीडीएफ भराभर पुढे सरकवताना, एका बाजूला ऑनलाइन तास आणि दुसऱ्या बाजूला नोट्स असे स्क्रीनचे दोन भाग करताना, आणि वीस टॅब उघडलेल्या ब्राउझरमध्ये. तिथे जी९९ हलका चालतो. एप्रिल-मे महिन्यात सांगली-मिरजेकडे पारा चाळिशीजवळ जातो. पत्र्याच्या खोलीत किंवा चालू चार्जिंगवर टॅब वापरला की चिप स्वतःला थंड ठेवायला वेग कमी करते. जुन्या १२ नॅनोमीटरच्या चिपवर ही वेळ लवकर येते.

रॅम ४ जीबीच्या खाली घेऊ नका. ३ जीबी आणि २ जीबीचे छोटे टॅब अजून दुकानात दिसतात. घरी नेल्यावर एका ॲपमधून दुसऱ्यात गेलं की पहिलं पुन्हा पहिल्यापासून उघडतं, आणि ऑनलाइन परीक्षेत असं झालं तर मोठंच नुकसान. ‘४ अधिक ४ जीबी’ असं लिहिलेलं असेल तर त्यातले शेवटचे ४ जीबी ही रॅम नव्हे. ती साठवणुकीतली उसनी जागा, आणि साठवणूक रॅमपेक्षा कितीतरी हळू असते. त्या आकड्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका.

साठवणुकीच्या ६४ जीबीतली टॅब चालवणारी प्रणाली आणि आधीपासून भरलेली ॲप वजा केली की हाती चाळीस-पंचेचाळीस जीबी उरतात. दोन्ही टॅबला मायक्रोएसडी कार्ड चालतं, पण कार्डावर फोटो, व्हिडिओ आणि पीडीएफ ठेवायचे; ॲप आतच बसतील असं धरून चाला. ओटीटीवरून उतरवलेले चित्रपट, ऑनलाइन क्लासचे डाउनलोड आणि व्हॉट्सॲप मिळून ६४ जीबी वर्षभरात भरते. जागा ९० टक्क्यांच्या वर गेली की टॅब मंदावतो आणि लोक म्हणतात ‘टॅब जुना झाला’. त्याच टॅबचं १२८ जीबीचं मॉडेल हजार-दीड हजार जास्त देऊन मिळत असेल तर डोळे झाकून तेच घ्या. या सगळ्या व्यवहारात इतका फायदेशीर खर्च दुसरा नाही.

कार्ड घेताना त्यावर ए१ किंवा ए२ आणि यू३ ही वेगाची खूण पाहा. उघड्यावर विकली जाणारी नामांकित कंपन्यांच्या नावाची कार्डं बऱ्याचदा नकली निघतात. १२८ जीबी दाखवतात आणि १६ जीबी भरलं की पुढच्या फाइल खराब करतात. घरी आणल्यावर संगणकावर कार्ड पूर्ण भरून पुन्हा वाचून पाहणारं एखादं मोफत साधन चालवा, त्यात पितळ उघडं पडतं.

सिमवाला की वाय-फायवाला

एकाच टॅबच्या या दोन मॉडेलमध्ये दोन-तीन हजारांचा फरक असतो. घरात ब्रॉडबँड आहे आणि टॅब घराबाहेर जाणार नाही, तर वाय-फायवाला पुरतो. बाहेर फोनचा हॉटस्पॉट देता येतो, पण मग फोनची बॅटरी दुपारपर्यंत बसते. पाटण, जावळी, शिराळ्याच्या डोंगरकपारीत फोनलाच एक दांडी रेंज असते, तिथे हॉटस्पॉटचा काही भरवसा नाही.

सिम हवं की नको ते ठरवणाऱ्या दोन गोष्टी दुकानात कुणी सांगत नाही. एक, यूपीआय. ही ॲप सुरू करताना त्याच उपकरणातल्या सिमवरून बँकेकडे एसएमएस जातो. टॅबमध्ये सिम नसेल तर यूपीआय सुरूच होत नाही. दुसरी, जीपीएस. ई-पीक पाहणीसाठी गटात उभं राहून पिकाचा फोटो काढावा लागतो आणि ॲप तुमची जागा तपासतं. सिमवाल्या मॉडेलमध्ये जीपीएस असतो. वाय-फाय मॉडेलमध्ये तो असेलच असं नाही, आयपॅडच्या वाय-फाय मॉडेलमध्ये तर नसतोच. शेतीच्या कामाला न्यायचा असेल तर सिमवालाच घ्या, आणि घेण्याआधी दुकानाबाहेर उघड्यावर येऊन नकाशात निळा ठिपका बरोबर जागी येतो का ते पाहा.

व्हॉट्सॲपसाठी मात्र वेगळं सिम लागत नाही. फोनवरचंच खातं टॅबला जोडता येतं.

बॅटरी, आणि ती किती वर्षं पुरेल

टॅब ए९ ला ५१०० एमएएचची बॅटरी, रेडमीला ६६५०. म्हणजे रेडमीत ३० टक्के जास्त. चिप जुनी असल्यामुळे त्यातला काही भाग तीच खाते, तरी व्हिडिओ आणि वाचनासाठी रेडमी जास्त टिकतो.

मोठ्या बॅटरीचा दुसरा फायदा वर्षांनी दिसतो. लिथियम बॅटरी साधारण ५०० पूर्ण आवर्तनांनंतर (एक आवर्तन म्हणजे एकदा पूर्ण भरून पूर्ण वापरणं) मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आसपास येते. रोज सारखंच काम केलं तर छोटी बॅटरी लवकर रिकामी होते, जास्त वेळा भरावी लागते आणि आवर्तनंही लवकर संपवते. ज्याचा टॅब रोज आठ-दहा तास चालतो त्याच्यासाठी हा मुद्दा चिपपेक्षा मोठा.

चार्जर किती वॉटचा, हे खोकं उघडून पाहा. रेडमी १८ वॉट घेतो, टॅब ए९ १५ वॉट. खोक्यातला चार्जर १० वॉटचा असेल तर ६६५० ची बॅटरी भरायला तीन तासांहून जास्त लागतात. १८ वॉटवर हा वेळ बराच खाली येतो. शेवटचे २० टक्के कोणत्याही चार्जरवर सावकाशच भरतात. लहान मुलांच्या हातात टॅब दिवसभर चार्जरला लावून ठेवणं टाळा: उष्णता आणि कायम १०० टक्के ही जोडी बॅटरी फुगवते. फुगल्याची पहिली खूण म्हणजे स्क्रीनची एक कड किंचित वर येणं. ती दिसली की चार्जिंग बंद करून सर्व्हिस सेंटर गाठा, दाबून बसवायचा प्रयत्न अजिबात करू नका.

बाकीचं थोडक्यात

वजन टॅब ए९ चं ३३२ ग्रॅम (वाय-फाय मॉडेल), रेडमीचं ३७५. फरक छोटा वाटतो, पण कव्हरचे दीडशे ग्रॅम धरले की झोपून वाचताना मनगटाला रेडमी आधी जड होतो. रुंदी दोन्हींची साडेबारा सेंटीमीटर, तळहात लहान असेल तर एका हातात धरून पाहाच. रेडमीची स्क्रीन सेकंदाला ९० वेळा ताजी होते, ए९ ची ६०. सरकवताना रेडमी गुळगुळीत वाटतो, वाचताना काही फरक नाही. पुढचा कॅमेरा रेडमीत ५ मेगापिक्सेल, ए९ मध्ये २. आजी-आजोबांना पुण्या-मुंबईच्या नातवंडांशी व्हिडिओ कॉलच करायचा असेल, तर हाच फरक सगळ्यात महत्त्वाचा. मागचा कॅमेरा दोन्हींचा कागद स्कॅन करण्यापुरता. बेदाण्याचा रंग व्यापाऱ्याला फोटोतून दाखवायचा असेल तर फोनच वापरा, टॅबच्या फोटोत हिरवा आणि पिवळा माल यांतला फरक पुसट होतो. बोटाच्या ठशाचा सेन्सर दोन्हींत नाही. हेडफोनची गोल पिन दोन्हींना आहे. पाण्यापासून संरक्षणाचा दाखला एकालाही नाही, त्यामुळे पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीशिवाय बाहेर काढू नका.

दुकानातली वीस मिनिटं

जाताना एक टाइप-सी पेनड्राइव्ह न्या. त्यात तीन फाइल असू द्या: स्कॅन केलेलं जाड मराठी पीडीएफ, तुमच्या रोजच्या ए४ नोट्स, आणि एक व्हिडिओ. दोन्ही टॅबवर त्याच फाइल, त्याच क्रमाने उघडा. टेबलावर मांडलेला नमुना टॅब बऱ्याचदा जाहिरात दाखवायच्या अवस्थेत असतो, त्यातून बाहेर काढून द्यायला सांगा.

१. दोन्हींचा उजेड सारखा करा, पूर्ण नव्हे, अर्ध्यावर. दुकानात पूर्ण उजेडावर प्रत्येक स्क्रीन छान दिसते.

२. मराठी पीडीएफ उघडून पान १ वरून थेट पान २०० वर जा. पान धूसर दिसून स्पष्ट व्हायला किती सेकंद लागतात, ते मोजा. मग भराभर वीस पानं उलटा. इथे चिप आणि साठवणूक दोन्ही उघड होतात.

३. त्याच पानावरचं एक जोडाक्षरांनी भरलेलं वाक्य डोळ्यांपासून हातभर अंतरावर धरून वाचा, चष्मा असेल तर चष्म्यासह. ज्याच्यासाठी टॅब घ्यायचा त्यालाच वाचायला लावा.

४. पूर्ण काळं चित्र उघडून कडांकडे पाहा. कोपऱ्यातून पांढरा उजेड झिरपत असेल तर तो पीस नको. मग पांढरं पान उघडून टॅब तिरपा करा. रंग पिवळट किंवा निळसर होत असेल तर स्क्रीन कमी प्रतीची.

५. स्क्रीनचे दोन भाग करून एकीकडे व्हिडिओ, दुसरीकडे पीडीएफ लावा आणि दोन मिनिटं तसंच ठेवा. व्हिडिओ अडखळतो का?

६. वाइडवाइनची (ओटीटीवरच्या चित्रपटांची नक्कल रोखणारी व्यवस्था) पातळी पाहा. ती दाखवणारी मोफत ॲप प्ले स्टोअरवर आहेत. पातळी एल१ हवी. एल३ असेल तर नेटफ्लिक्ससारख्या ठिकाणी चित्र ४८० ओळींच्या स्पष्टतेवर जात नाही, मग स्क्रीन कितीही चांगली असो.

७. सेटिंगमध्ये अँड्रॉइडची आवृत्ती आणि सुरक्षा पॅचची तारीख बघून दोन्ही कागदावर लिहून घ्या.

अपडेट आणखी किती वर्षं मिळतील, यावर पुढचा सगळा हिशेब उभा आहे.

वर्षाला किती पडतो

टॅबला एक मुदत असते, ती खोक्यावर छापलेली नसते. कंपनी ठरावीक वर्षं सुरक्षा अपडेट देते. ती थांबली की टॅब चालतो, पण हळूहळू बँकेची आणि सरकारी ॲप चालेनाशी होतात. ही वर्षं मोजली जातात मॉडेल बाजारात आल्यापासून, तुम्ही विकत घेतल्यापासून नव्हे. म्हणून २०२३ चं मॉडेल सवलतीत मिळालं तरी त्याची काही वर्षं आधीच खर्ची पडलेली असतात. कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलला किती वर्षांचं वचन आहे ते पाहा, बाजारात आल्याच्या तारखेत मिळवा आणि आजची तारीख वजा करा. उरली ती तुमची वर्षं. दीर्घ मुदत कशी दिसते त्याचं उदाहरण हवं तर २०१९ चा पाचव्या पिढीचा आयपॅड मिनी पाहा: २०२५ ची आयपॅडओएस २६ ही आवृत्ती त्यालाही मिळाली.

आता आकडे घाला. समजा एक टॅब ११,००० चा. कव्हर आणि काच १,००० आणि जास्त वॉटचा चार्जर ७०० धरला, तर झाले १२,७००. उरलेली वर्षं ३, म्हणजे वर्षाला ४,२३३ रुपये. दुसरा १४,५०० चा, कव्हर-काच १,०००, कार्ड ७००, एकूण १६,२००. त्याची वर्षं ४ उरली असतील तर वर्षाला ४,०५० पडतात आणि महागडाच स्वस्त ठरतो. पण त्याचीही ३ च उरली असतील तर ५,४०० पडतात, आणि मग चांगली चिप असूनही तो घेण्यात अर्थ नाही. दुकानदार किमतीतल्या फरकावर बोलत राहील, तुम्ही भागाकार करून बघा.

ज्या जोडीचं उदाहरण घेतलं तिच्यापुरता आमचा कौल असा. वाचन, दोन ॲप एकत्र, हलका हात हवा असेल आणि अपडेटची किमान तीन वर्षं शिल्लक असतील, तर टॅब ए९. व्हिडिओ, व्हिडिओ कॉल, लांब टिकणारी बॅटरी आणि सिम कमी पैशांत हवं असेल, तर रेडमी, आणि तोही १२८ जीबीचाच.

बिल, वॉरंटी आणि जुना टॅब

पक्कं बिल घ्या. टॅबवर १८ टक्के जीएसटी आहे आणि तो छापील किमतीत धरलेला असतो. ‘बिल नको तर हजार कमी’ म्हणणाऱ्याकडून हजार वाचतात आणि वॉरंटी जाते. तुमच्या स्वतःच्या व्यवसायाचा जीएसटी क्रमांक असेल तर बिलावर तो टाकून घ्या, व्यवसायासाठी वापरलेल्या टॅबवरचा कर परत मिळवता येतो. टॅबला एक वर्ष वॉरंटी असली तरी खोक्यातल्या चार्जरला बहुधा सहाच महिने असते.

सर्व्हिस सेंटर कुठे आहे, हे घेण्याआधी पिनकोड टाकून पाहा: सातारा शहरासाठी ४१५००१, सांगलीसाठी ४१६४१६. तुमच्या गावात किंवा शहरात नसेल तर सांगलीकराला ५० किलोमीटरवरचं कोल्हापूर आणि सातारकराला ११० किलोमीटरवरचं पुणे गाठावं लागतं, तेही दोनदा: द्यायला आणि आणायला. दोन टॅब बाकी सगळ्यात बरोबरीचे असतील तर जवळ सेंटर असलेला घ्या. स्क्रीन बदलण्याचा खर्चही आधीच विचारा. तो टॅबच्या किमतीच्या निम्म्याच्या पुढे जात असेल, तर कोपरे उचललेलं रबरी कव्हर पहिल्याच दिवशी लावा, हव्या त्या रंगाचं मिळेपर्यंत थांबू नका.

जुना घेत असाल तर दोन तपासण्या चुकवू नका. सिमवाल्या टॅबचा १५ अंकी आयएमईआय, म्हणजे ओळख क्रमांक, सेटिंगमध्ये सापडतो. इंग्रजी अक्षरांत केवायएम, मोकळी जागा आणि मग तो क्रमांक असा एसएमएस १४४२२ वर पाठवा, किंवा संचार साथी पोर्टलवर पाहा. चोरीची नोंद असेल तर तिथे कळतं. दुसरी तपासणी, विकणाऱ्याच्या समोरच टॅब पूर्ण रिसेट करा आणि पुन्हा सुरू करा. तो आधीच्या माणसाचं गुगल खातं मागत असेल, तर ते काढून दिल्याशिवाय पैसे देऊ नका. मालक निघून गेल्यावर ते कुलूप उघडत नाही.

ऑनलाइन घेतलात तर पार्सल फोडण्यापासून पहिल्यांदा सुरू करण्यापर्यंत एका दमात व्हिडिओ काढा. सवलतीच्या दिवसांत बहुतेक ठिकाणी पैसे परत मिळत नाहीत, बदलून मिळतो, आणि त्याला ७ दिवसांची मुदत असते. त्या सात दिवसांत टॅब कपाटात ठेवू नका. पहिल्या दिवशी सगळे अपडेट घाला, दुसऱ्या दिवशी पूर्ण भरून सलग व्हिडिओ लावा आणि किती तास टिकतो ते लिहून ठेवा, तिसऱ्या दिवशी घराच्या त्या खोलीत न्या जिथे वाय-फाय सगळ्यात कमी येतं. रात्री १०० टक्के भरून, चार्जर काढून ठेवा आणि सकाळी पाहा. नुसता पडून असताना १० टक्क्यांहून जास्त उतरला असेल, तर आधी एकदा रिसेट करून तीच चाचणी घ्या. पुन्हा तेवढाच उतरला तर पीस बदलून मागा. विक्रेता टाळाटाळ करू लागला तर बिल आणि तो व्हिडिओ हाताशी ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवा.